भाड्याची खुर्ची, हक्काचा शेजार

तुमच्या ऑफिसात एक चीज तुम्हाला फुकट मिळते, आणि ती तुमच्या लक्षातही येत नाही. एसी नाही, कॉफी मशीन नाही. शेजारची खुर्ची! तिच्यात कुणीतरी बसलेलं असतं. ते कुणीतरी बॉसच्या नावाने बोटं मोडतं, डब्यातली भेंडी पुढे सरकवतं, आणि अप्रेझलच्या आदल्या दिवशी हळूच कानात सांगतं, ‘अगं, एवढं कमी मागू नकोस. त्या नव्या पोराला किती दिलेत माहितीये?’

या शेजाऱ्याचा खर्च तुमची कंपनी करते. मला तो विकत घ्यावा लागतो. महिन्याला 5,500 रुपये, वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे झाले 6,490. माझी उलाढाल जीएसटी नंबर घेण्याइतकी मोठी नसल्यामुळे ते वरचे 990 कुठूनही वळते होत नाहीत. गेले ते गेले.

तर मी फ्रीलान्स पत्रकार. मास कम्युनिकेशनची डिग्री, त्यानंतर तीन वर्षं एका वेबसाइटची नोकरी, आणि आता तीन वर्षं ‘स्वतःचं’. स्वतःचं म्हणजे नेमकं काय, हे साताऱ्याच्या आत्याला अजून समजलेलं नाही. ‘घरीच असतेस ना मग?’ असं म्हणून ती दर वेळी कुणाच्या तरी हॉस्पिटलच्या डब्याची ड्यूटी माझ्या गळ्यात घालते. आत्याचं काही चुकत नाही म्हणा. मी घरीच असायचे! कर्वेनगरात दोन मैत्रिणींबरोबर टू-बीएचके, हॉलमध्ये डायनिंग टेबल, त्याच्यावर लॅपटॉप, आणि लॅपटॉपच्या शेजारी कोथिंबीर निवडायला ठेवलेली. अख्ख्या मजल्याचं कुरिअर मीच घ्यायचे. सोसायटीच्या टाकीतलं पाणी संपलं की वॉचमन मामा पहिली बेल आमचीच वाजवायचे, कारण दिवसा दार उघडणारं माणूस एकच.

मग कॅफे करून पाहिले. 220 रुपयांच्या कॅपुचिनोवर तीन तास बसलं की वेटर टेबल पुसायला येतो. चौथ्या तासाला परत येतो आणि स्वच्छ टेबल पुन्हा पुसतो. ‘कामाशिवाय जास्त वेळ बसू नये’ छापाच्या पाट्या वाचतच पुण्यातली माणसं मोठी होतात, त्यामुळे आपल्याला इशारा लगेच कळतो. आणि आपण खरंच कामासाठीच बसलोय, हे त्या बिचाऱ्याला सांगणार कसं?

पेठेतली खुर्ची आणि सॅन फ्रान्सिस्कोतली खुर्ची

को-वर्किंगचा फंडा म्हणाल तर अगदी सोपा आहे. मोठी जागा एकाने घ्यायची, वायफाय, वीज, चहा, प्रिंटर यांची सोय करायची आणि खुर्च्या एकेक करून भाड्याने द्यायच्या. रिकामी दिसेल त्या खुर्चीत बसायचं असेल तर हॉट डेस्क, ते स्वस्त. ठरलेली खुर्ची आणि कुलपाचा ड्रॉवर हवा असेल तर डेडिकेटेड डेस्क, ते महाग.

या प्रकाराला वाढदिवसही आहे, 9 ऑगस्ट. 2005 साली त्या दिवशी ब्रॅड न्यूबर्ग नावाच्या प्रोग्रॅमरने सॅन फ्रान्सिस्कोत ‘स्पायरल म्यूझ’ नावाच्या जागेत आठवड्यातले दोन दिवस टेबलं मांडून बसायला सुरुवात केली. त्याला नोकरीतली सोबत हवी होती आणि फ्रीलान्सिंगचं स्वातंत्र्यही सोडायचं नव्हतं. पहिला महिनाभर तिकडे कुणीही फिरकलं नाही! तयार ऑफिस भाड्याने देणारे त्याआधी नव्हते असं नाही. रीजस कंपनी 1989 पासून तेच करत होती. पण ती दार लावून घ्यायची खोली विकायची. न्यूबर्गला दार नको होतं, माणसं हवी होती.

आपल्याला यात फार नवल वाटायचं कारण नाही. सदाशिव पेठेत, नवी पेठेत, शास्त्री रोडच्या आसपास एक चक्कर मारून या. एमपीएससी-यूपीएससीची हजारो पोरं अभ्यासिकेत महिन्याच्या बोलीवर एक खुर्ची, एक टेबल आणि एक लॉकर घेऊन बसलेली असतात. खोलीवर अभ्यास होत नाही का? होतो की. पण शेजारचा पहाटे पाचला येऊन बसला की आपल्यालाही उठावंसं वाटतं. शिवाय कुठल्या पुस्तकातलं कुठलं प्रकरण सोडलं तरी चालेल, हे कुठल्याही क्लासपेक्षा अभ्यासिकेबाहेरच्या चहाच्या टपरीवर जास्त पक्कं कळतं. खुर्चीचं भाडं द्यायचं आणि टपरीवरचं ज्ञान घ्यायचं, असा तो सगळा हिशोब असतो. माझ्या 6,490 रुपयांचा हिशोबही शेवटी तिथेच येऊन थांबला.

नाव नको, धंदा सांगा

आमची जागा एरंडवण्यातल्या एका गल्लीत आहे. जुना बंगला, खाली डेंटिस्ट, वर आम्ही. पहिल्या मजल्यावर 30 खुर्च्या, गच्चीवर आणखी एक खोली, दोन फोन बूथ. फोन बूथ म्हणजे गोदरेजच्या कपाटापेक्षा किंचित रुंद पेटी, आत जाऊन दार लावायचं आणि घामाघूम होत क्लायंटला ‘नो प्रॉब्लेम’ म्हणायचं. खालच्या डेंटिस्टचं मशीन सुरू झालं की झूम कॉलवर पलीकडचा माणूस विचारतो, ‘काही बांधकाम चाललंय का?’ आपण ‘हो’ म्हणायचं. दाढ कोरतायत म्हणून सांगितलं तर मीटिंगचा मूड जातो.

इथे आडनावं कुणी विचारत नाही. प्रत्येकाला त्याच्या धंद्याचं नाव पडलेलं आहे. ‘सबटायटल’ ही वेब सीरिजना मराठी सबटायटल्स करते. दिवसभर हेडफोन लावून बसते आणि मध्येच एकटीच हसते. ‘फॉन्ट’ हा देवनागरी अक्षरं डिझाइन करतो. ‘क्ष’च्या पोटातली गाठ नीट बसावी म्हणून तो तीन आठवडे बसला होता. ‘सीए दादा’ मोठ्या फर्ममधून बाहेर पडून एकटा काम करतो. मार्चमध्ये त्याच्याशी कुणी बोलायचं नाही असा नियम आहे. मी ‘पेपर’. वर्तमानपत्रात नोकरी मी एक दिवसही केलेली नाही, पण पत्रकार म्हटलं की पेपर! पॅन्ट्री सांभाळणाऱ्या मावशींना मात्र आम्ही सगळे सारखेच. ‘या पोरांना ऑफिस नाही म्हणून इथे येतात,’ असं त्या डेंटिस्टच्या पेशंटांना समजावून सांगतात.

पहिले दोन महिने मी इथे फक्त काम केलं. तिसऱ्या महिन्यात पॅन्ट्रीत चहा घेताना माझे डोळे चुरचुरत होते. रात्रभर एका भाषांतर एजन्सीचं काम करून आले होते. सबटायटलने विचारलं, ‘किती देतात?’

आता बघा, आपल्याकडे लग्नात पहिल्यांदा भेटलेले काका बिनधास्त पगार विचारतात. पण एकाच धंद्यातली दोन माणसं एकमेकांना आकडा सांगत नाहीत. सांगितला तर एकाचा कमीपणा दिसणार, नाहीतर दुसऱ्याचा भाव. मी जरा थांबले आणि म्हटलं, ‘शब्दाला सव्वा रुपया.’

ती काही बोलली नाही. फोन काढून तिने एक ईमेल दाखवली. एजन्सी तीच. कोऑर्डिनेटर तोच. कामही तेच, इंग्रजीतून मराठी. दर अडीच रुपये.

त्या एका चहात माझं वर्षाचं गणित हललं. मी दुसऱ्या दिवशी एजन्सीला अडीचचा दर कळवला, त्यांनी सव्वादोन दिले. पण मजा पुढे आहे. त्याच संध्याकाळी मीटिंग रूमच्या पांढऱ्या फळ्यावर कुणीतरी तीन रकाने आखून ठेवले: काम, दर, पैसे किती दिवसांत आले. नाव लिहायचं नाही. पहिल्या दिवशी फळ्यावर 4 ओळी होत्या, आठवड्याने 23. लोगोचे दर, लेखांचे दर, लग्नाच्या फोटोंचे दर, तासाभराच्या व्हॉइस ओव्हरचे दर. आणि सगळ्यात जास्त गर्दी व्हायची ती तिसऱ्या रकान्यापाशी. ‘90 दिवस.’ ‘140 दिवस.’ एके ठिकाणी नुसतंच ‘अजून नाही’ आणि त्याखाली दोन रेघा.

आमच्या लिहिण्याच्या धंद्यात तर पैशाला ‘मानधन’ म्हणतात. शब्दच असा, की मागायला गेलं तर आपणच हलके वाटतो. प्लंबर ‘मानधन बघा जमलं तर’ म्हणतो का? तो बिल देतो आणि दारात उभा राहतो. दिवाळी अंकाचा लेख ऑगस्टमध्ये द्यायचा, अंक ऑक्टोबरमध्ये निघतो, आणि मानधन पुढच्या दिवाळीच्या फराळाबरोबर येतं. फळ्यावर मी ‘मानधन’ खोडून ‘दर’ लिहिलं, तेव्हा मला जाम बरं वाटलं.

साठ हजारांची गोष्ट

फळ्यावरची ती ‘अजून नाही’वाली ओळ माझीच होती. एका कंपनीसाठी मी त्यांच्या पन्नास वर्षांचं पुस्तक लिहिलं होतं. ठरलेले 85,000, आगाऊ मिळाले 25,000. पुस्तक छापलं गेलं, समारंभ झाला, शाल-श्रीफळही मिळालं. उरलेल्या 60,000 साठी मी सात महिने फोन करत होते. अकाउंट्सवाले म्हणायचे, मार्केटिंगला विचारा. मार्केटिंगवाले म्हणायचे, अकाउंट्सला पाठवलंय. तुमच्यापैकी कुणी अकाउंट्समध्ये असाल तर हसू नका!

सीए दादाने फळा वाचला आणि विचारलं, ‘उद्यम रजिस्ट्रेशन आहे का?’ होतं. करंट अकाउंट उघडताना बँकेने मागितलं होतं म्हणून मी हे काम घेण्याच्या आधीच ऑनलाइन काढलं होतं, फुकटात. सर्टिफिकेट कुठल्या तरी फोल्डरमध्ये पडून होतं. मग त्याने मला जे सांगितलं ते प्रत्येक फ्रीलान्सरने फ्रिजवर चिकटवावं असं आहे.

2006 च्या एमएसएमई विकास कायद्याप्रमाणे सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे लेखी ठरलेल्या मुदतीत द्यावे लागतात, आणि ती मुदत 45 दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. लेखी काही ठरलंच नसेल तर 15 दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. सूक्ष्म उद्योग म्हटलं की डोळ्यासमोर पापड लाटणारे किंवा लेथवाले येतात. पण सेवा देणारी, एक लॅपटॉप आणि एक खुर्ची असलेली मीसुद्धा त्यातच मोडते! शिवाय 2023 साली प्राप्तिकर कायद्यात एक भर पडली. अशा छोट्या उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर प्रत्यक्ष देईपर्यंत त्या कंपनीला तो खर्च करातून वजा करता येत नाही. म्हणजे माझे 60,000 अडकले की त्यांचाही कर वाढतो.

‘भांडू नकोस,’ सीए दादा म्हणाला. ‘चार ओळींची ईमेल लिही. बिलाची तारीख, उद्यम नंबर, 45 दिवस आणि व्याज. मार्च आहे, तूच बघ.’

मार्चमध्ये तो माझ्याशी बोलला, हेच खरं तर नवल होतं. मी ईमेल पाठवली. अकराव्या दिवशी पैसे खात्यात. 10 टक्के टीडीएस कापून 54,000. व्याज मी मागितलं नाही, त्यांनी दिलं नाही. मी फळ्यावर ‘अजून नाही’ पुसलं आणि ‘221’ लिहिलं. मावशींनी विचारलं, ‘हा कुठला नंबर गं, बसचा?’

ही माहिती इंटरनेटवर नव्हती का? होती, सगळी होती. पण माझ्या गोष्टीत ती माहिती कुणीतरी मला, माझ्या अडचणीकडे बघून सांगणं गरजेचं होतं. घरी डायनिंग टेबलावर कोथिंबिरीशेजारी बसून मी आणखी सात महिने फोन केले असते.

आणि मग कंपनी आली

आता जरा वाईट बातमी. को-वर्किंगचा धंदा आमच्यासारख्यांच्या नावाने सुरू झाला, पण तो आमच्या जिवावर चालत नाही. 2010 साली न्यूयॉर्कमध्ये निघालेली वीवर्क जानेवारी 2019 मध्ये 47 अब्ज डॉलर किमतीची मानली जात होती. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तिने आपला आयपीओ मागे घेतला, नोव्हेंबर 2023 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला आणि जून 2024 मध्ये ती त्यातून बाहेर आली. आपल्याकडची वीवर्क इंडिया ही वेगळी, एम्बसी ग्रुपच्या ताब्यातली कंपनी. ती ऑक्टोबर 2025 मध्ये शेअर बाजारात आली. या मोठ्या ऑपरेटरांना मोठी गिऱ्हाइकं हवी असतात. कंपन्या एकदम शे-दोनशे खुर्च्या घेतात, करार करतात आणि वेळेवर भाडं देतात. एकटादुकटा फ्रीलान्सर त्यांच्या जाहिरातीतल्या फोटोत गोड दिसतो, ताळेबंदात दिसत नाही.

ही हवा आमच्या गल्लीतही पोचली. आमची जागा चालवणारी मुलगी आमच्याच वयाची आहे. मावशी तिला ‘मॅडम’ म्हणतात आणि ती चिडते. जूनमध्ये तिने सगळ्यांना मीटिंग रूममध्ये बोलावलं. एका सॉफ्टवेअर कंपनीला पहिला मजला हवा होता. 30 च्या 30 खुर्च्या, दोन वर्षं.

तिने आमच्यापासून काही लपवलं नाही. फळ्याच्या उरलेल्या जागेवर तिने तिचे आकडे लिहिले. बंगल्याचं भाडं, वीज, इंटरनेट, मावशींचा पगार. मग आमची हजेरी. मे महिन्यात अर्ध्या खुर्च्या रिकाम्या, दिवाळीत अर्ध्या, क्लायंटने पैसे अडकवले की त्या महिन्यात माणूसच गायब. ‘तुमचे पैसे 140 दिवसांनी येतात,’ ती तिसऱ्या रकान्याकडे बोट दाखवत म्हणाली, ‘मग माझे कधी येणार?’

यावर कुणाकडे उत्तर नव्हतं.

शेवटी तिनेच तोड काढली. गच्चीवरच्या खोलीत 10 खुर्च्या बसतात. दहा जणांनी 11 महिन्यांच्या करारावर सही केली आणि दोन महिन्यांचं डिपॉझिट दिलं, तर ती खोली आमची. नाहीतर तिथे कंपनीचं कॅन्टीन. मुदत पंधरा दिवस. कागद फ्रिजला लावला.

11 महिन्यांचा करार पुण्या-मुंबईत घर भाड्याने घेणाऱ्या कुणाला नवा नाही. पण इथे गंमत अशी होती, की आमच्यापैकी प्रत्येकाने नोकरी सोडली होती ती असल्या कागदावर सही करायला लागू नये म्हणूनच! मी रात्री हिशोब मांडला. 6,490 गुणिले 11, म्हणजे 71,390. वर डिपॉझिट 11,000. फेब्रुवारीत माझं उत्पन्न शून्य होतं. पुढच्या फेब्रुवारीत काय असेल ते मला माहीत नव्हतं. आईला फोन केला तर ती म्हणाली, ‘एवढ्या पैशात स्कूटरचे हप्ते बसतील.’ तेही खरंच.

मग मी दुसरा हिशोब मांडला. सव्वा रुपयाचे सव्वादोन झाले. अडकलेले 60,000 सुटले. फॉन्टच्या ओळखीने एक प्रकाशक मिळाला, सबटायटलच्या हातचं जास्तीचं काम दोनदा माझ्याकडे आलं. खुर्चीपायी गेलेल्यापेक्षा खुर्चीतून आलेलं जास्त होतं. सातवी सही माझी.

आठवी, नववी झाली. दहावी होईना. फॉन्ट म्हणत होता, ‘मी कशावरच सही करत नाही, तत्त्व आहे माझं.’ चौदाव्या दिवशी मावशींनी त्याच्यासमोर चहाचा कप ठेवला आणि म्हणाल्या, ‘तुझी अक्षरं एवढी चांगली, सही का वाईट आहे?’ त्याने सही केली. देवनागरीत, शिरोरेघ पट्टीने मारल्यासारखी. कॅन्टीन बोंबललं!

तुमच्यासाठी दोन शब्द

आता खाली 30 पोरं गळ्यात पट्टे घालून बसतात. चांगली आहेत. चहाला गच्चीवर येतात, कारण वारा वरच असतो. फळाही आम्ही वर आणलाय. परवा त्यांच्यातली एक मुलगी त्याच्यासमोर बराच वेळ उभी होती. मग तिने विचारलं, ‘हे 140 दिवस म्हणजे... तोपर्यंत तुम्ही भागवता कसं?’ तिला नोकरी सोडायची असणार. तो प्रश्न विचारणारी माणसं लगेच ओळखू येतात.

तिला जे सांगितलं तेच तुम्हालाही सांगते. सहा महिन्यांचा खर्च बाजूला काढल्याशिवाय राजीनामा देऊ नका. उद्यम रजिस्ट्रेशन पहिलं काम हातात घ्यायच्या आधी करा, कारण काम झाल्यावर काढलेल्या नंबरचा त्या जुन्या कामासाठी भरवसा नाही. पैशाची मुदत ईमेलवर का होईना, लिहून घ्या. आणि को-वर्किंगची जागा बघायला गेलात तर इंटरनेटचा स्पीड बघा, फोन बूथ किती आहेत ते बघा, डिपॉझिट परत कधी मिळतं ते विचारा, आणि एका दिवसाचा पास काढून सोमवारी दुपारी बसून या. रविवारी सगळ्याच जागा शांत असतात.

मग शेवटी पॅन्ट्रीत जा. चहा घ्या आणि दहा मिनिटं थांबा. तेवढ्या वेळात कुणी तुम्हाला ‘तुम्ही काय करता?’ विचारलं तर पैसे भरायला हरकत नाही. कुणीच काही विचारलं नाही, तर घरचं डायनिंग टेबल बरं. तिथे निदान कोथिंबीर तरी निवडून होते.